विजेने तांब्याचे इरिडियम होत नाही

वीज पडलेल्या जुन्या तांब्याच्या भांड्यात इरिडियम नावाचा धातू तयार होतो, असे भांडे तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढते आणि ‘नासा’ त्यासाठी कोट्यवधी रुपये मोजते, हा ‘राईस पुलर’चा दावा अनेक वर्षे फिरत आहे. आता तो माझ्या मामांपर्यंत पोहोचला असून, माळ्यावरच्या हंड्याच्या ‘तपासणी फी’साठी ते पतसंस्थेतील ठेव मोडायला निघाले आहेत. म्हणून या दाव्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

सर्वांत निरर्थक भाग विजेचा आहे. मूलद्रव्य कोणते, हे अणुकेंद्रातील प्रोटॉनच्या संख्येवरून ठरते. तांब्यात ते 29 असतात आणि इरिडियममध्ये 77. भांडे तापले, वितळले किंवा काळे पडले, तरी ही संख्या बदलत नाही. विजेमुळे अणुकेंद्रीय प्रक्रिया घडू शकतात, एवढे मात्र मान्य करावे लागते, कारण क्योटो विद्यापीठाच्या तेरुआकी एनोतो आणि सहकाऱ्यांनी जपानच्या किनाऱ्यावरील वादळात मिळालेला त्याचा पुरावा 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. पण तेथे घडले ते इतकेच, की विजेतून निघालेल्या गॅमा किरणांनी हवेतील नायट्रोजनच्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन बाहेर काढला. तांब्याचे इरिडियम व्हायचे तर प्रत्येक अणूत 48 प्रोटॉनांची भर पडायला हवी, आणि न्यूट्रॉन त्याहून कितीतरी अधिक!

इरिडियम दुर्मीळ आणि महाग आहे, हे खरेच. लंडनमध्ये 1803 साली स्मिथसन टेनंट यांना ते प्लॅटिनम अम्लराज या तीव्र आम्लांच्या मिश्रणात विरघळवल्यावर मागे उरलेल्या काळ्या अवशेषात सापडले, आणि त्याच अवशेषात ऑस्मियमही मिळाले. आजही ते मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील प्लॅटिनमच्या खाणींतून उपउत्पादन म्हणून मिळते. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते, तर इरिडियमला सुमारे 2446 अंश लागतात. कोणत्याही तांबटाच्या भट्टीत ते वितळवून हंडा घडवणे शक्य नव्हते.

तांदूळ ओढण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. इरिडियम लोखंडासारखे चुंबकीय नाही आणि तांदूळही नाही. दाणे हलताना दिसतात, तेव्हा त्यांना लोहचूर्ण लावलेले असते आणि भांड्यात चुंबक दडवलेला असतो.

भांड्यातून किरणोत्सर्ग होतो, म्हणून खास पोशाखातील ‘शास्त्रज्ञ’ लागतात, ही बतावणी अधिक घातक आहे, कारण फी त्याच नावाखाली उकळली जाते. निसर्गातील इरिडियमचे 191 आणि 193 हे दोन्ही समस्थानिक, म्हणजे केवळ न्यूट्रॉनच्या संख्येत वेगळे असलेले प्रकार, स्थिर आहेत. किरणोत्सर्गी इरिडियम-192 अणुभट्टीत तयार केले जाते. वाशीतील ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था त्याचे स्रोत पुरवते, आणि वेल्डिंगच्या तपासणीसाठी व कर्करोगाच्या उपचारांसाठी ते वापरले जाते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे 74 दिवसांचा असल्याने पणजोबांच्या काळातील भांड्यात त्याचा मागमूसही उरणार नाही.

राहिला ‘नासा’चा प्रश्न. दिल्ली पोलिसांनी 2018 मध्ये एका पितापुत्राला अटक केली, ती नेमक्या याच बतावणीवरून एका व्यापाऱ्याला एक कोटीहून अधिक रुपयांना फसवल्याच्या आरोपावरून. ज्यांना हंड्यातील धातू जाणून घ्यायचा आहे, त्यांनी तो सराफाकडील क्ष-किरण यंत्राखाली ठेवावा. पृष्ठभागावर कोणते धातू आहेत, हे ते भांडे न मोडता काही मिनिटांत दाखवते, आणि त्यासाठी ठेव मोडावी लागत नाही.