कॉर्नवॉलिसची तलवार आणि बैल

नमस्कार. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन: अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण जाताना कॉर्नवॉलिसनं स्वतः तलवार दिली हे मी चुकीचं लिहिलं, हरलेल्या माणसाला वशिल्यानं हिंदुस्थान मिळाला हे दडवलं, आणि टिपूवर त्याला नशिबानं मिळालेल्या विजयाची उगाच तारीफ केली.

पहिला मान्य. १९ ऑक्टोबर १७८१ला साहेब 'आजारी' पडले आणि तलवार घेऊन त्याचा दुय्यम ओ'हारा गेला. अमेरिकनांचा सेनापती वॉशिंग्टन, त्यानंही ती न घेता आपल्या दुय्यमाकडे, लिंकनकडे बोट दाखवलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

वशिल्याचं प्रकरण इतकं सरळ नाही. काका कँटरबरीचा आर्चबिशप, घराणं उमरावाचं. ओळखीपाळखी होत्याच, नाही कशाला म्हणू? पण हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलचं हे पद त्यानं आधी नाकारलं होतं. कौन्सिलच्या बहुमतानं आधीच्या गव्हर्नर-जनरलची, वॉरन हेस्टिंग्जची कशी कोंडी केली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. गव्हर्नर-जनरल आणि सरसेनापती अशी दोन्ही पदं, शिवाय कौन्सिलला डावलायची मुभा, एवढं पदरात पडल्यावरच १७८६ला तो कलकत्त्याला आला.

तिसऱ्यावर मात्र आपलं जमणार नाही. मे १७९१ बघा. १५ तारखेला अरकेरेची लढाई जिंकली, टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण समोर दिसतंय, आणि तरी माघार! तोफा ओढणारे बैल चाऱ्यावाचून आणि रोगानं पटापट मेले, शिपायांनी खांद्याला दोर लावून गाडे ओढले. शेवटी किल्ला फोडायला आणलेल्या जड तोफा स्वतःच निकामी केल्या. भिजलेली, उपाशी फौज परत फिरतेय तोच समोर घोडेस्वार. टिपूचे वाटले, निघाले मराठे, या लढाईत इंग्रजांचे मित्र. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आले होते, आणि त्यांच्या छावणीबरोबर अख्खा बाजार. भाव अर्थातच चढे लावले (आपलीच माणसं ती), पण फौज जेवली.

आता दहा वर्षं मागे जा. जानेवारी १७८१, कॅरोलिना. अमेरिकन सेनापती ग्रीनचा पाठलाग करताना अंग हलकं व्हावं म्हणून याच माणसानं आपल्या सामानाच्या गाड्या जाळल्या. तंबू गेले, रमची पिंपंही गेली. मार्चमध्ये गिल्फर्ड कोर्टहाउसची लढाई जिंकली ते चौथा हिस्सा माणसं गमावून. मग यॉर्कटाउनला समुद्रावरून येणाऱ्या मदतीच्या भरवशावर बसला, तर ५ सप्टेंबरला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रज आरमाराला फ्रेंचांनी अडवलं. तिथं कुणी हरिपंत आले नाहीत.

फेब्रुवारी १७९२ला तो पुन्हा श्रीरंगपट्टणावर गेला तो वंजाऱ्यांचे धान्याचे तांडे सोबत घेऊन. टिपूला निम्मा मुलूख, ३ कोटी ३० लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे द्यावे लागले. माझी तारीफ आहे ती या तयारीची, लढाईची नाही.

१७९३च्या कायमधाऱ्यावरची (जमीनदारांनी सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरवून टाकला, त्यावरची) तुमची ओळ मात्र तशीच्या तशी पटली. बंगालच्या रयतेला त्यानं जमीनदारांच्या हवाली केलं, आणि माझ्या लेखात त्यावर चकार शब्द नव्हता. पुढचा लेख त्यावरच लिहितोय.