जनरेटर बंद करा हो!

दोन महिने आधी धडपडून तळ्याकाठची केबिन मिळवायची, पोरांना "रात्री चांदण्या बघू, बेडूक ऐकू" असं कबूल करायचं, आणि अंधार पडला रे पडला की पलीकडच्या आरव्हीचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा, जनरेटर सुरू. धडधडधडधड. कशासाठी? तर आत टीव्ही चाललाय! अहो, टीव्हीच बघायचा होता तर घर काय वाईट होतं?

सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर, "आम्ही तर केवढे लांब आहोत!" लांब कसले? मध्ये पाणी आहे. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली, की वर निसटणारा आवाज वाकून पुन्हा खालीच येतो. वाटेत ना झाड ना टेकाड. तुमचा जनरेटर थेट माझ्या उशीत वाजतो. (तुमची भांडणंही नीट ऐकू येतात, तेवढीच करमणूक.)

दिवे, पाण्याचा पंप, फोन हे सगळं गाडीतल्या बॅटरीवर रात्रभर आरामात निघतं. एसीशिवाय जीव जात असेल तर वीजजोडणीची जागा घ्या ना!

शांततेची वेळ रात्री १० ते सकाळी ६. हे महाशय ९:५९ ला बंद करणार आणि ६:०१ ला पुन्हा चालू. का, तर केस वाळवायचेत.

आत्ता साडेआठ झालेत. धाकटा विचारतोय, बेडूक कुठे गेले?