ऐकवणाऱ्यांच्या गावात

नवं गाणं ऐकायला माझी कधीच ना नसते. कोरियातलं असो की कोकणातलं, मला चालतं. माझं भांडण आहे ते गाणं ऐकवणाऱ्या माणसाशी. गाणं चार मिनिटांत संपतं, हा माणूस संपत नाही. आधी तो म्हणतो, "जरा एक चीज ऐकवतो." मग खिसे चाचपून फोन काढतो, दोन जाहिराती सोसतो, आपल्यालाही सोसायला लावतो, फोन आपल्या नाकासमोर धरतो आणि गाणं सुरू झालं की थेट आपल्या तोंडाकडे बघत बसतो.

आता अशा वेळी माणसानं आपल्या तोंडाचं करायचं काय? मान डोलवावी तर ती तालात डोलायला हवी, आणि ताल अजून सापडलेला नसतो. डोळे मिटले तर झोप लागली असा संशय घेतात. हसावं तर गाणं नेमकं विरहाचं निघतं. मी हल्ली भुवया थोड्या वर घेऊन ओठ मिटून ठेवतो. बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन कुणी समोर बसलं की मी हाच चेहरा करतो. त्यात होकार नाही, नकार नाही, पण विचार चालू असल्याचा भास आहे.

तेवढ्यात समोरचा हात वर करतो. "थांब, थांब... आता येईल बघ... हां, आता!" काहीतरी येतं. काय आलं ते कळायच्या आत गेलेलंही असतं.

"आलं?"

"आलं," मी म्हणतो. न येऊन सांगतो कुणाला? नाही म्हटलं तर गाणं दहा सेकंद मागे जातं आणि ते पुन्हा येतं.

हे दुखणं सगळीकडेच असणार, पण आमच्या ग्वाल्हेरात त्याला राजाश्रय आहे. इथे मूल रडलं तर सुरात आणि दगड घरंगळला तर तालात, असं पाहुण्यांना छाती फुगवून सांगायची पद्धत आहे. (मी इथल्याच लश्कर भागात जन्मलो. माझं रडणं सुरू झालं की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे, असं आई सांगते. पण ते असो.) हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याची पानं चघळली की गळा गोड होतो म्हणतात. माझे दात आंबले. त्यात 2023 साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीत-नगरी म्हणून मान दिला, आणि मग काही विचारू नका. तोपर्यंत लोक हौसेनं ऐकवायचे, आता कर्तव्यबुद्धीनं ऐकवतात.

डिसेंबरात तानसेन समारोह असतो. ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद म्हणजे पैगंबरांची स्तुती, मग गाणं, अशी जुनी रीत. थंडी अशी असते की वन्स मोअरची टाळी वाजवायलासुद्धा शालीतून हात काढवत नाही. एका वर्षी समोर नामांकित गवई गात होते. विलंबित छान जमलं होतं. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी मला कोपरानं ढोसलं, फोन पुढे केला आणि कानात म्हणाले, "भाईसाब, ये सुनिए. पिछले साल इन्होंने यही राग इससे अच्छा गाया था." समोर माणूस जिवंत गातो आहे आणि त्याच माणसाची गेल्या वर्षीची क्लिप माझ्या मांडीवर! मी भुवया वर घेतल्या.

ओळखीच्यांत सगळ्यात धोकादायक म्हणजे माझा विमावाला मित्र. शाळेपासूनचा. दिवसभर लोकांना मरणाची भीती घालतो आणि संध्याकाळी मेटल, म्हणजे जड गिटारांचा गडगडाटी रॉक, ऐकतो. रविवारी सकाळी आम्ही नया बाजारात बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, खायला जातो. त्या रविवारी त्यानं अर्धी बेडई तशीच टाकली, बोटं पॅंटला पुसली आणि फोन काढला. स्क्रीनवर बटाट्याच्या रश्शाचा पिवळा अंगठा उमटला. दुकानात ही गर्दी, कढईचा चर्र आवाज, बाहेर ई-रिक्षांची पोंपों. म्हणून त्यानं टेबलावरचा रिकामा स्टीलचा ग्लास ओढला आणि फोन त्यात उभा केला.

"अब सुन! घुमतंय की नाही?"

घुमत होतं. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी जिलबी खाली ठेवली. मी आपला नेहमीचा चेहरा लावून बसलो. तेवढ्यात पाणी देणारा पोऱ्या आला आणि रिकामा ग्लास दिसल्यावर सवयीनं त्यानं जग तिरका केला. त्या क्षणी माझ्या मित्रानं जी किंकाळी फोडली, ती गाण्यातल्या गायकाला उभ्या जन्मात जमली नसती. मला त्या दिवशी मेटल पहिल्यांदा कळलं.

फोन पॅंटला पुसून झाल्यावर त्यानं मला टोनी आयोमी या मेटल गिटारवाल्याची गोष्ट सांगितली, आणि ती मात्र मी तोंडाचा विचार न करता ऐकली. बर्मिंगहॅमचा सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार संपलं म्हणून घरी बसला. तेव्हा कारखान्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला: ऐक. पोरगा म्हणाला, नको, काही ऐकायची इच्छा नाही. फोरमननं ऐकवलीच. मग सांगितलं, हे वाजवणारा गिटारवादक जँगो राइनहार्ट, आगीत भाजल्यापासून डाव्या हाताच्या दोनच बोटांनी हे सूर काढतो. पोरगा उठला, प्लास्टिकची बाटली वितळवून त्याची टोपणं केली, बोटांवर चढवली. पुढे तारा दाबायला सोपं जावं म्हणून त्या खालच्या सुरात उतरवल्या, आणि त्यातून त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, जमिनीतून आल्यासारखा आवाज आला. त्यांची पहिली रेकॉर्ड 1970 ची.

मी गप्प झालो. म्हणजे ऐकवणाऱ्या जमातीत एक तरी पुण्यवान निघाला. गोष्ट संपवून मित्र थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "यार, दोन बोटांचा अपघात विमा... पैसे बरे मिळाले असते त्याला." मग त्यानं माझ्या बोटांकडे बघितलं. मी बिल मागवलं.

आमच्या खालच्या मजल्यावर नाना राहतात. नानांनी ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांना समोर बसून ऐकलं आहे, त्यामुळे नंतर जन्माला आलेल्या सगळ्या गवयांवर त्यांचा थोडा राग आहे. नानांची ऐकवायची तऱ्हा उलटी. ते गाणं लावतात, चाळीस सेकंदांनी बंद करतात आणि पाऊण तास बोलतात. बंदिशीचा स्थायी-अंतरा आधी स्वच्छ मांडायचा, मग बढत म्हणजे विस्तार, ही ग्वाल्हेरची शिस्त. "बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी खाली महाराष्ट्रात नेली म्हणून, नाहीतर तुमच्या पुण्या-मिरजेनं ऐकलं असतं काय?" पुणं माझं केव्हापासून झालं, हे विचारायची छाती मला झाली नाही. आणि मला इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा संथ लयीतला मारवा राग जिवापलीकडे आवडतो, हे तर नानांसमोर काढायचीच सोय नाही. एकदा चुकून लावला. नाना दाराशी थबकले, ऐकलं आणि म्हणाले, "सम येईपर्यंत बाड्यावरून भाजी घेऊन येतो." आणि खरंच पिशवी घेऊन गेले. (परत येऊन पायऱ्यांवर थांबले होते, पुढचं ऐकत. मी गॅलरीतून बघितलं, पण बोललो नाही.)

मेहुणा पुण्याहून गाणी पाठवतो. त्याला ज्या देशाचं नाव नकाशात सापडत नाही तिथलंच संगीत आवडतं. मागे त्यानं तूवा नावाच्या, मंगोलियाला लागून असलेल्या मुलखातलं गाणं पाठवलं. एकच माणूस एका दमात दोन सूर काढतो: खाली घुमणारा खर्ज आणि वर शिट्टीसारखी धून. मी स्पीकरवर लावलं तर आतून बायको ओरडली, "मोटर बंद करायची राहिली वाटतं, टाकी वाहून जाईल!" नाना नेमके पेपर परत द्यायला आले होते. मला वाटलं, आता बहुतेक पिशवी मागतील. ते दारातच उभे राहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "तंबोरा नीट लागला ना, की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. या माणसानं गळ्याचाच तंबोरा केलाय." एवढं बोलून पेपर देऊन गेले. मेहुण्याला मी हे कळवलं. त्याचं उत्तर आलं, "कूल." त्यानं ते गाणं पुरतं ऐकलं होतं की नाही, देव जाणे.

माझ्या लेकीनं नानांना बीटीएस हा कोरियन बँड ऐकवला, तो दिवस मात्र मी सुट्टी टाकून बघावा असा होता. सात पोरं. ती एकेकाचं नाव सांगते, नाना केसांच्या रंगावरून ओळख ठेवतात, आणि पुढच्या गाण्यात सगळ्यांचे रंग बदललेले! "आजोबा, तुमचा बायस कोण?" म्हणजे सातांतला सगळ्यात लाडका कोण, हे पहिलं ठरवायचं असतं. नानांनी तो मुद्दा बाजूला ठेवून मूळ प्रश्न विचारला: "गुरू कोण यांचा?"

लेक म्हणाली, गुरू असा नाही, कंपनी असते. ती पोरांना निवडते, मग काही वर्षं ट्रेनी म्हणून ठेवते. सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं, नाच, सगळं घोटून घेते. जमलं तरच स्टेज. हे सातही जण एकाच छोट्या घरात राहायचे, एका खोलीत झोपायचे. 2013 मध्ये पहिलं गाणं आलं.

"म्हणजे गंडा बांधायचा, घरातच राहायचं, आणि परवानगीशिवाय बाहेर गायचं नाही," नाना म्हणाले. "मग असं सांग ना की घराणं आहे!"

त्या दिवसापासून नाना त्यांना 'सेऊल घराणं' म्हणतात. लेकीचं म्हणणं, वर्गात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

ग्वाल्हेर घराण्याची जी कथा आमच्याकडे सांगतात, ती मला हल्ली वेगळ्याच कारणासाठी आवडायला लागली आहे. शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ आले, तेव्हा त्यांच्या तानांनी सगळे थक्क झाले. त्यांची गायकी कुणाला मिळेना. तेव्हा हद्दू खाँ, हस्सू खाँ या पोरसवदा भावांना पडद्याआड बसवून महिनोन्महिने ती ऐकवली, आणि दोघांनी नुसतं ऐकून उचलली. लोक या गोष्टीत त्यांच्या ग्रहणशक्तीचं कौतुक करतात. मी पडद्याचं करतो. समोर तोंड न्याहाळणारं कुणी नाही, "आलं?" म्हणून विचारणारं कुणी नाही. असं ऐकायला मिळालं असतं तर माझ्याही गळ्यात एखादी तान उतरली असती.

आणि म्हणून, सूड म्हणा हवं तर, मी एके दिवशी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर जॉन केज या अमेरिकन माणसाची रचना टाकली. चार मिनिटं तेहेतीस सेकंद, तीन भाग. 1952 साली डेव्हिड ट्यूडर नावाच्या पियानोवादकानं ती पहिल्यांदा सादर केली: पियानोसमोर बसला, झाकण लावलं, घड्याळ बघत बसून राहिला. दोन भागांमध्ये झाकण उघडायचं, पुन्हा लावायचं. एकही सूर नाही. मी नुसता ऑडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "जरा हे ऐका. शेवटपर्यंत."

मिनिटभराच्या आत विमावाल्याचं उत्तर: "बेस जबरदस्त आहे यार!" पाठोपाठ मेहुणा: "नाइस. पण हे हेडफोनवरच ऐकायला हवं." बँकेतल्या एका सहकाऱ्यानं हात जोडले, फूल पाठवलं आणि विचारलं, "गायिका कोण?"

नानांचं काहीच आलं नाही. दहाएक मिनिटांनी ते स्वतःच वर आले.

"ऐकलं," ते म्हणाले. "पहिल्या भागात समोरच्यांचा कुकर. दुसऱ्यात भंगारवाला आला, त्याचा पंचम पक्का आहे हो. तिसऱ्यात तुझ्या बायकोनं मोटर लावली. पण यात तो कलाकार कुठे होता?"

मी सांगितलं. कलाकार गप्पच बसतो, हॉलमध्ये जे काही ऐकू येतं तेच गाणं, असं त्या माणसाचं म्हणणं होतं. पहिल्या प्रयोगाला बाहेरचा वारा ऐकू आला, मग छपरावर पाऊस, आणि शेवटी उठून जाणाऱ्या लोकांची कुजबुज.

नानांनी ते नीट ऐकून घेतलं. बराच वेळ त्यांच्या कपाळावर आठी होती. मग त्यांनी खुर्ची ओढली, माझ्याकडे तोंड करून बसले, फोन काढला आणि पहिल्यापासून लावला.

"आता तू ऐक," ते म्हणाले. पण लगेच बंद केला. "नको, इथून भंगारवाला नीट येत नाही. माझ्या गॅलरीत चल."