दार उघडलंच नाही

अंतराळातल्या अपघातांचा विषय निघाला की यान कोसळून गेलेला सोव्हिएत अंतराळवीर कोमारोव आठवतो, अपोलो १ आठवतं. वॅलेंटिन बोंदारेन्कोचं नाव क्वचितच कुणी घेतं. मला त्याच्याबद्दल लिहायचंय.

सोव्हिएत अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीतला हा सगळ्यात धाकटा, वय २४. २३ मार्च १९६१ ला मॉस्कोत एका बंद चेंबरमध्ये त्याच्या एकांतवासाच्या चाचणीचा दहावा दिवस होता. अंगावरचे सेन्सर काढून त्याने ती जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि बोळा टाकून दिला. तो नेमका तापलेल्या हॉटप्लेटवर पडला. आतल्या हवेत ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे बघता बघता अंगावरचे कपडे पेटले. आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाल्याशिवाय दार उघडणारच नव्हतं. बाहेरची माणसं ताटकळत राहिली. काही तासांनी तो गेला.

तीन आठवड्यांच्या आत गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. जगभर जल्लोष झाला. बोंदारेन्कोची गोष्ट मात्र १९८६ पर्यंत दडवून ठेवली.

१९६१ च्याच जुलैत अमेरिकेचा अंतराळवीर गस ग्रिसम समुद्रात उतरला आणि यानाचं स्फोटकांनी उघडणारं दार आपोआप उडालं. यान बुडालं. स्पेससूटमध्ये पाणी शिरत असताना ग्रिसम कसाबसा वाचला. दाराला आपण हात लावला नव्हता, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. पुढे अपोलोचं दार असं चुकून उडू नये म्हणून स्फोटकांशिवाय केलं, आतल्या बाजूला उघडणारं. २७ जानेवारी १९६७ ला, जमिनीवरच्या चाचणीत, शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या अपोलो १ यानात आग लागली. दाब इतका वाढला की दार आत ओढणं अशक्य झालं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघेही गेले.

बोंदारेन्कोचं कळलं असतं तर हे तिघे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजनचा धोका नासाला ठाऊक होताच. पण कागदावरचा धोका वेगळा आणि असाच एक तरुण, अशाच न उघडणाऱ्या दारामागे जळाला हे माहीत असणं वेगळं. ती माहिती लपवणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. देशाची प्रतिष्ठा जपायची म्हणून एका माणसाचं मरणसुद्धा पुसून टाकायचं?

१९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक छोटी पाटी ठेवली. जीव गमावलेल्या अमेरिकन आणि सोव्हिएत अंतराळवीरांची १४ नावं तिच्यावर आहेत. ग्रिसम, व्हाइट, चॅफी आहेत. कोमारोव आहे. बोंदारेन्को नाही. पाटी करणाऱ्यांना तो होऊन गेला हेच माहीत नव्हतं.