‘ब्लेअर विच’मध्ये चेटकीण का दिसत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या 1999 च्या अमेरिकन भयपटावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: सिनेमात काही घडतच नाही, चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही, हलत्या कॅमेऱ्याने डोकं दुखतं आणि तो चालला निव्वळ इंटरनेटवरच्या थापेमुळे. अशा फसवणुकीला मी कला म्हणतो, हा शेवटचा घाव. तो मला लागला, कारण तो निम्मा खरा आहे.

थापेपासूनच सुरू करतो. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी वेबसाइटवर मांडलं की 1994 साली मेरीलँडच्या जंगलात तीन विद्यार्थी नाहीसे झाले आणि मागे फक्त त्यांचं चित्रण सापडलं, तेच म्हणजे हा सिनेमा. जानेवारी 1999 मध्ये सनडान्स महोत्सवात त्या तिघांची ‘बेपत्ता’ अशी पत्रकं वाटली गेली. त्या तिघांतल्या हेदर डोनाह्यू या अभिनेत्रीच्या आईला लोकांची सांत्वनाची पत्रं आली. यातलं काहीच मी नाकारत नाही.

पण थापेवर पहिल्या आठवड्याची तिकिटं खपतात. हा सिनेमा जुलैमध्ये मोजक्या थिएटरांत लागला आणि तिथून वाढत गेला. ऑगस्टमध्ये टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांनी त्याला मुखपृष्ठावर घेतलं, म्हणजे गोष्ट रचलेली आहे हे तोवर लपून राहिलेलं नव्हतं. तरी लोक जातच राहिले. काही हजार डॉलरांत चित्रित झालेला, आर्टिझन या वितरक कंपनीने सुमारे 11 लाख डॉलरांना घेतलेला हा सिनेमा जगभरात जवळपास 24 कोटी 80 लाख डॉलरांवर गेला. एवढी मजल नुसत्या अफवेवर मारता येते, हे मला पटत नाही.

तुमच्यासारखी नाराजी तेव्हाही होती, आणि भरपूर होती. रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकाने पैकीच्या पैकी चार तारे दिले, तर थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचा कौल घेणाऱ्या सिनेमास्कोरवर त्याला जेमतेम ‘सी प्लस’ हा शेरा मिळाला. जाहिरातीने लोकांना चेटकीण दाखवायचं जणू कबूल केलं होतं आणि पडद्यावर त्यांना दिसली वाट चुकलेली, एकमेकांवर खेकसणारी तीन माणसं. ज्या जाहिरातीने थिएटर भरलं, तिनेच प्रेक्षकाला चुकीच्या अपेक्षेने आत बसवलं. तुम्हीही तीच अपेक्षा धरून बसलात, असं मला तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं.

‘काही घडत नाही’ हे मात्र मी मान्य करणार नाही. ऑक्टोबर 1997 मध्ये सेनेका क्रीकच्या जंगलात आठ दिवस चित्रीकरण चाललं. कॅमेरे नटांच्याच हातात. ठरलेल्या जागी फिल्मच्या डब्यांत प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी असे आणि ती दुसऱ्याला दाखवायची नाही. संवाद त्यांनी स्वतः बोलायचे. खाणं दिवसेंदिवस कमी केलेलं. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारात येऊन लहान मुलांचे आवाज लावत, तंबू हलवत. त्यामुळे पडद्यावर दिसणारा थकवा, चिडचिड, भूक यांतलं बरंचसं खरं आहे. नकाशा आपणच ओढ्यात टाकला, हे तिघांतला माईक हसत सुटत सांगतो तो प्रसंग आठवा. मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्या हसण्याची. जंगलातलं काहीतरी त्या तिघांच्या आत शिरलंय, हे तिथे कळतं. यानंतर चेटकीण दाखवली असती, तर मेकअप केलेली एक बाई दिसली असती, एवढंच.

शेवटाबद्दलही तुम्ही लिहिलंय, ‘एक जण भिंतीकडे तोंड करून उभा, आणि संपलं.’ सिनेमाच्या सुरुवातीला गावातला एक माणूस सांगतो: मुलांना मारणारा एक खुनी होता, तो एका मुलाला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा आणि दुसऱ्याला मारायचा. ते वाक्य निसटलं, तर शेवट पोकळच वाटणार. हा गोंधळ तेव्हा प्रदर्शनाआधीच्या चाचणी-खेळांतही झाला होता. वितरकांच्या आग्रहाने दुसरे शेवट चित्रित झाले, पण दिग्दर्शकांनी मूळ शेवट सोडला नाही.

कॅमेऱ्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. अमेरिकेत थिएटरांतही लोकांना मळमळलं होतं. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

राहिली फसवणूक. ती झाली, पण माझ्या मते तिची खरी किंमत आपण प्रेक्षकांनी मोजली नाही. मायकल विल्यम्स, जोशुआ लेनर्ड आणि हेदर या तिघांनी पात्रांना स्वतःची खरी नावं दिली, चित्रण स्वतः केलं, संवाद स्वतः रचले. मग ते जिवंत नाहीत असं भासवायचं म्हणून ऐन यशाच्या तोंडावर त्यांनाच पडद्याआड ठेवलं गेलं. उपाशीपोटी, नाक गळत, टॉर्चच्या उजेडात आईची माफी मागणाऱ्या हेदरला वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा ‘रॅझी’ दिला गेला. पुढे तिने अभिनय सोडला, नावही बदललं. त्या रॅझीचा मला आजही राग येतो.

2024 मध्ये तिघांनी जाहीर पत्र लिहून आताच्या मालक कंपनीकडे, लायन्सगेटकडे, आपल्या कामाचा मागचा मोबदला मागितला. त्यांची नावं किंवा चेहरे वापरायचे तर आधी आम्हाला विचारा, असंही लिहिलं. पुढचा लेख मी या पत्रावरच लिहितोय. तोवर एक विनंती: सिनेमा पुन्हा लावलात, तर या वेळी झाडांत चेटकीण शोधू नका, हेदरचा आवाज ऐका. तो पहिल्या दिवशी कसा होता आणि शेवटच्या रात्री कसा झाला, तेवढं मला लिहून कळवा.