पायथियस खोटारडा नव्हता

दोन हजार वर्षांपूर्वीच्या भांडणात बाजू घ्यायची गरज नसते, हे मान्य. पण प्राचीन दर्यावर्दी पायथियसला खोटारडा ठरवण्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

मस्सालिया, म्हणजे आजचं मार्सेय, इथला हा ग्रीक. इ.स.पू. 320 च्या आसपास भूमध्य समुद्र मागे टाकून अटलांटिकात शिरला आणि ब्रिटनपर्यंत गेला. परत येऊन त्याने लिहिलं, की ब्रिटनच्या उत्तरेला सहा दिवसांच्या प्रवासावर थुली नावाची भूमी आहे आणि तिच्याजवळ गोठलेला समुद्र. उत्तरेकडच्या लोकांनी सूर्य कुठे झोपतो ती जागा दाखवली, तिथे रात्र दोन-तीन तासांचीच होती, हेही त्याचंच. थुली म्हणजे आइसलंड की नॉर्वे, हा वाद अजून चालू आहे.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचा आक्षेप काय, तर एक साधा, गरीब माणूस इतक्या लांब जाईलच कसा! त्यापेक्षा युहेमेरस या ग्रीक लेखकावर विश्वास ठेवावा म्हणे, तो निदान एकाच देशाला गेल्याचं सांगतो. तो देश पांखाया, निव्वळ काल्पनिक. आणि हा पॉलिबियस स्वतः रोमन जहाजं घेऊन आफ्रिकेचा अटलांटिक किनारा पाहून आलेला. त्याने तरी असं म्हणायला नको होतं.

ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो तर आणखी हट्टी. महाकवी होमरला तो भूगोलाचा आद्यपुरुष मानतो, पण पायथियस त्याच्या लेखी अट्टल खोटारडा. कारण आयर्लंडच्या पलीकडे थंडीमुळे माणूस राहूच शकत नाही, हे त्याचं आधीच ठरलेलं होतं.

विश्वास ठेवला तो मोजमाप करणाऱ्यांनी. पायथियसने शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीवरून मस्सालियाचं अक्षांश जवळपास अचूक काढलं होतं. भूगोलतज्ज्ञ एराटोस्थेनिस आणि खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कस यांनी त्याची निरीक्षणं वापरली. मला त्यांचा कौल जास्त वजनदार वाटतो.

‘महासागराविषयी’ हा त्याचा ग्रंथ नष्ट झाला. त्यातलं बरंचसं आपल्याला कळतं ते त्याला खोडून काढणाऱ्या स्ट्रॅबोमुळेच. जिथे जमीन, समुद्र आणि हवा एकमेकांत मिसळून जेलीफिशसारखं काहीतरी होतं, जिथे चालताही येत नाही आणि नाव हाकताही येत नाही, ते वर्णन थट्टेचा विषय झालं. पण तिथेच स्ट्रॅबोने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: तो जेलीफिशसारखा पदार्थ आपण स्वतः पाहिला, बाकीचं ऐकीव आहे, असं पायथियस म्हणतो.

पाहिलेलं आणि ऐकलेलं असं वेगळं सांगणाऱ्या माणसाला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.