अर्जदार कोण, हा पहिला प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आदिवासी वारशाच्या जतनासाठीचे अनुदान थेट ग्रामसभांना मिळावे, या माझ्या लेखावर आपण विस्ताराने लिहिलेत, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे : गडचिरोलीतील भामरागड-एटापल्लीकडच्या गावांचा पावसाळ्यात संपर्क तुटत असताना गाणी आणि दगड जपायला पैसा मागणे अनाठायी आहे, ग्रामसभांना हिशेब जमणार नाही आणि पैसा मधल्या मध्ये जिरेल, तेथील जमातींना थेट अनुदान मिळते हे अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडे लागू पडत नाही, आणि सरकारी पैसा शिरला की जिवंत परंपरेचा देखावा होतो.

पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणतो की रस्ते आणि दवाखाने यांच्या तरतुदी वेगळ्या लेखाशीर्षाखाली होतात, आणि ध्वनिमुद्रणाचे दोन-चार लाख रोखून धरल्याने एकाही नाल्यावरचा पूल लवकर होत नाही. २०११ च्या जनगणनेत कोलामी भाषकांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) ज्यांना जुनी गाणी पूर्ण येतात ती माणसे म्हातारी आहेत, आणि रस्त्याचे काम संपेपर्यंत त्यांना थांबायला सांगता येत नाही.

हिशेबाच्या आक्षेपावर मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण तो आपण एकट्यानेच नव्हे, मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत अनेकांनी घेतलेला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावरचा सामायिक कायदेशीर हक्क) मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकायला सुरुवात केली. लिलावाची जाहिरात, व्यापाऱ्याशी करारनामा, मजुरांचे हजेरीपत्रक, बँकेतील खाते, पॅन कार्ड, गावासमोर हिशेबाचे वाचन, हे सगळे या ग्रामसभा वर्षानुवर्षे करीत आहेत. लाखो रुपयांचा तेंदू हंगाम सांभाळणाऱ्या गावाला गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) देता येणार नाही, हे मला पटत नाही.

अडचण कौशल्याची नसून अर्जाच्या नमुन्याची आहे. संस्कृतीविषयक अनुदानाच्या बहुतेक अर्जांत संस्थेचा नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या शासनाच्या दर्पण पोर्टलवरील ओळख क्रमांक मागितला जातो. ग्रामसभा ही नोंदणीकृत सोसायटी नाही, ती कायद्याने अस्तित्वात आलेली सभा आहे. त्यामुळे तिच्यासाठी त्या अर्जात रकानाच नसतो. मग गावाला नागपूर किंवा पुण्याची एखादी संस्था शोधावी लागते, अर्ज तिच्या नावाने जातो, पैसा तिच्या खात्यात येतो आणि गाव ‘लाभार्थी’ म्हणून उरते. आपण ज्याला पैसा मधल्या मध्ये जिरणे म्हणता, त्याची वाट या नमुन्यानेच तयार केलेली आहे. अनुसूचित आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ (घ) मध्ये लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम असेल, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या सभेला संसदेने हे काम सोपवले, तिलाच त्या कामाचा अर्ज करता येऊ नये, ही विसंगती दूर करा, एवढीच माझी मागणी आहे.

अमेरिकेचे उदाहरण मी याच एका मुद्द्यासाठी दिले होते. तेथील जमातींचे सरकारशी असलेले नाते वेगळे आहे, त्यांना स्वतःची शासनव्यवस्था आहे, हे आपले म्हणणे मान्य आहे. तरीही नॅशनल पार्क सर्व्हिस या तेथील सरकारी खात्याच्या जमाती वारसा अनुदानात अर्जदार म्हणून शासनमान्य जमात स्वतः उभी राहते, तिच्याकडून स्वतःचा हिस्सा मागितला जात नाही, आणि मौखिक इतिहास नोंदवण्यापासून जुन्या वास्तूच्या दुरुस्तीपर्यंतची कामे त्यात बसतात. त्या अनुदानामागचा निधी समुद्रातील तेल-वायूच्या उत्पन्नातून येतो. आपल्याकडे आदिवासींच्या ठाकूरदेवाची यात्रा भरते त्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते, आणि खाणधारकांकडून येणारा निधी खाणबाधित भागासाठी खर्च करणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची २०१५ पासून कायदेशीर तरतूद आहे. त्या निधीतून डोंगर परत मिळत नाही, आणि तसा सौदा मी सुचवीतही नाही. पण त्याच भूमीतून निघणाऱ्या पैशात तिच्या स्मृतींसाठी वाटा मागणे गैर कसे?

आता देखाव्याविषयी, कारण आपला हाच आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपण म्हणता तसे घडते आहे. तीर्थक्षेत्र विकासाच्या नावाने पैसा आला की पेनठाण्यापुढे (गोंडांच्या देवस्थानापुढे) सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, झाडाभोवती ओटा बांधून फरशी बसवली जाते, प्रवेशद्वारावर नावांचा फलक लागतो, आणि जिथे मोकळ्या आभाळाखाली, झाडाच्या मुळाशी देव आहेत, तिथले स्वरूपच पालटते. हे पाहून वाईट वाटते. परंतु अशी कामे ठरवताना भूमियाला (गावाच्या पारंपरिक प्रमुखाला) आणि पुजाऱ्याला कोणी विचारले होते? अंदाजपत्रक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे तयार होते आणि त्या दरसूचीत काँक्रीट असते, मोकळी ठेवलेली जागा नसते. धानोरा तालुक्यातीलच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची गोटूल शाळा (गोटूल म्हणजे तरुणांना परंपरा शिकवणारे गोंडांचे सामूहिक घर) सुरू केली, तेव्हा तिथे काय शिकवायचे ते गावाने ठरवले. शासनाने पुढे ती शाळा अनधिकृत ठरवली आणि वाद उच्च न्यायालयात गेला, ही वेगळी आणि क्लेशदायक बाब आहे. परंतु त्या शाळेला देखावा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

ध्वनिमुद्रणाबाबत दोन अटी मी आग्रहाने मांडतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्यानुसार मुद्रणाचा पहिला हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा असतो, गाणाऱ्याकडे फक्त सादरकर्त्याचे हक्क राहतात. म्हणून मूळ प्रत आणि तिचा हक्क ग्रामसभेकडे राहील, असे अनुदानाच्या करारातच लिहिले पाहिजे. दुसरे असे की काही गाणी, काही जागा आणि काही विधी बाहेरच्यांसाठी नसतात. पवित्र स्थळाला धोका पोहोचणार असेल तर त्याचे ठिकाण उघड न करण्याची मुभा अमेरिकेच्या ऐतिहासिक जतन कायद्यात आहे. आपल्याकडे मात्र अनुदानाच्या अहवालाला अनेकदा छायाचित्रे जोडावी लागतात. कोणती गोष्ट कागदावर आणायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार गावाला नसेल, तर तिथे अनुदान न घेतलेलेच बरे, आणि इथे आपले व माझे मत एकच आहे.

पेसा गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील (राज्याच्या अर्थसंकल्पातील आदिवासींसाठीच्या वाट्यातील) पाच टक्के अबंध निधी, म्हणजे गावाने ठरवून खर्चायचा पैसा, मिळतो. त्यातील एक शीर्षक पेसा व वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीचे आहे, आणि परंपरांचे जतन हा पेसाचाच भाग असल्याने नव्या योजनेची वाट न पाहताही त्याखाली ठराव घेता येतो. आपल्या तालुक्यातील एखादी ग्रामसभा असा ठराव घेण्यास तयार असेल तर जरूर कळवा. ठरावाचा व अंदाजपत्रकाचा मसुदा मराठीत तयार करून देण्याची जबाबदारी मी घेतो, आणि ग्रामसभेची संमती असेल तर त्याचा पूर्ण हिशेब याच ठिकाणी प्रसिद्ध करतो.